डिमेन्शियाच्या पेशंटसाठी घरी लाइट थेरपी: कशी सुरू करायची आणि कुठे फसायला होतं

आमच्याकडे काय चाललं होतं ते आधी सांगते. बाबांना अल्झायमर. रात्री दीड-दोनला उठायचे आणि घरभर फिरत एकेक दिवा लावत सुटायचे, मग आम्ही उठायचो, समजूत घालायचो, पहाटे कधीतरी त्यांचा डोळा लागायचा आणि सकाळी आम्ही काय करायचो तर त्यांच्या खोलीचे पडदे ओढून घ्यायचो, रात्रभर जागलेत, झोपू दे जरा म्हणून. म्हणजे दिवसा अंधार आणि रात्री लख्ख उजेड. हे सगळं उलटं चाललंय हे डोक्यात शिरायला आम्हाला जवळजवळ दोन वर्षं लागली. ठरलेल्या वेळी तेज उजेड देऊन झोप ताळ्यावर आणायची याला लाइट थेरपी म्हणतात, आणि तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून तिच्याबद्दल हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, घरी सांभाळणारी मुलगी आहे, त्यामुळे औषधांचं आणि डोळ्यांचं जे काही खाली आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

१. उजेडाचा झोपेशी संबंध काय ते आधी समजून घ्या

हा भाग गाळून थेट दिवा विकत आणायची घाई करू नका, मी केली होती. मेंदूत खोलवर, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. हे शरीराचं घड्याळ. ते आपलं आपण चाललं तर दिवस २४ तासांपेक्षा थोडा लांबतो, म्हणून रोज त्याचा काटा जागेवर आणावा लागतो आणि ते काम मुख्यतः उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्या पेशी असतात, त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. दिसणं वेगळं आणि हे वेगळं. म्हणजे खोलीत पेपर वाचता येण्याएवढा उजेड असला तरी घड्याळासाठी तो अंधारच असू शकतो.

आता वय झालं की डोळ्यातली भिंगं पिवळी पडतात, बाहुली लहान होते, नेमका निळसर उजेड कमी आत जातो. अल्झायमरमध्ये त्या घड्याळाच्या पेशी आणि डोळ्यातल्या त्या खास पेशी, दोन्हींची झीज होते. वरून हा माणूस घराबाहेर पडत नाही. सिग्नल कमी, तो पकडणारं यंत्र दुबळं, आणि आपण पडदे ओढून उरलासुरला सिग्नलही बंद करतो.

२. किती आशा धरायची

इथे मी स्पष्ट बोलते कारण दिवे विकणारे बोलत नाहीत. लाइट थेरपीने डिमेन्शिया बरा होत नाही, थांबतही नाही.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो नेदरलँड्समधल्या अभ्यासाचा, तो २००८ साली छापून आला. १२ केअर होम्स, १८९ रहिवासी. काही ठिकाणी दिवसभर छतावरून साधारण १,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड, बाकीच्या ठिकाणी साधारण ३००. सरासरी सव्वा वर्ष हे चाललं. जास्त उजेडवाल्यांची ३० मार्कांच्या स्मरणशक्तीच्या चाचणीतली घसरण ०.९ मार्कांनी कमी झाली आणि उदासपणाची लक्षणं १९ टक्क्यांनी कमी दिसली. ०.९ मार्क म्हणजे घरात बसून डोळ्याला दिसेल असा फरक नाही. दुसरीकडे २०१४ च्या कोक्रेन आढाव्याने (कोक्रेन ही उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) सगळे चांगले अभ्यास एकत्र करून सांगितलं की शिफारस करावी एवढा पुरावा नाही. मग आम्ही का केलं? कारण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने अशा विस्कटलेल्या झोपेच्या डिमेन्शियावाल्या वयस्कांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात लाइट थेरपीला सौम्य होकार आहे आणि झोपेच्या गोळ्यांना ठाम नकार. पडणं, हाड मोडणं, अजून गोंधळणं, हे गोळ्यांचे धोके बघितले की दिवा लावून बघायला काय जातं असं वाटतंच.

त्यामुळे बुद्धीसाठी म्हणून करू नका, रात्रीसाठी आणि मूडसाठी करा. बुद्धीला थोडा फायदा झाला तर तो वरकड. माझा अनुभव असा की रात्र नीट गेली की दुसऱ्या दिवशी बाबा दुपारपर्यंत जास्त जागेवर असतात, याला बुद्धी सुधारली म्हणायचं की नुसती झोप झाली म्हणायचं, माहीत नाही, मला दोन्ही चालतं.

३. दोन डॉक्टर आणि एक वही

दिवा आणायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि मेंदूच्या किंवा मानसोपचार डॉक्टरांना भेटा. सोबत न्यायचं ते एवढं:

- सगळ्या औषधांची यादी, प्रत्येकाची वेळ लिहून
- डोळ्यांचे जुने रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद असले तर ते
- दोन आठवड्यांची झोपेची वही (खाली सांगते)
- पूर्वी फिट, मायग्रेन किंवा बायपोलरचा (मूड एकदा फार चढण्याचा, एकदा फार खचण्याचा) त्रास होता का, नातेवाईकांना विचारून

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा की पडद्याचा आजार आहे का, मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजलाय का, डायबेटिसने पडद्यावर परिणाम झालाय का, काचबिंदू आहे का. यातलं काही असेल तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मोतीबिंदू असेल तर उजेड आत कमी जातो आणि चकाकीचा त्रास मात्र जास्त होतो, त्यामुळे ऑपरेशन करायचं ठरलं असेल तर ते आधी होऊ द्या.

औषधांमध्ये अ‍ॅमिओडॅरोन, डॉक्सिसायक्लिन, क्लोरप्रोमॅझिन, हायड्रोक्लोरोथायझाइड अशी काही उजेडाने त्वचेला किंवा डोळ्यांना त्रास वाढवणारी असतात, यादी दाखवून थेट विचारा. बायपोलर असेल तर तेज उजेडाने माणसाचा मूड उलट फार चढू शकतो, तो उत्तेजित होतो, म्हणून तिथे फक्त मानसोपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: झोप मोडण्याची साधी कारणं आधी शोधा. लघवीचं औषध संध्याकाळी जातंय का? डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध रात्री दिल्याने काहींना भडक स्वप्नं पडतात, झोप मोडते, डॉक्टर ते सकाळी हलवू शकतात. दुखणं, बद्धकोष्ठ, घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, पायांची वळवळ. बाबांना गुडघा दुखत होता आणि ते सांगू शकत नव्हते, आम्ही मात्र मेंदूला दोष देत बसलो. माणूस एक-दोन दिवसांत अचानक फार गोंधळला तर ते घड्याळाचं काम नाही, लघवीचं इन्फेक्शन वगैरे असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर.

४. वही, दिव्याच्या वेळेसाठी

साधी वही. झोपले किती वाजता, उठले किती वाजता, रात्री किती वेळा, दिवसा डुलक्या कधी आणि किती, संध्याकाळी चिडचिड कधी सुरू झाली. अंदाजाने लिहिलं तरी चालेल, पण रोज. मनगटी बँड वापरू शकता, फक्त माणूस शांत पडून असला तरी बँड त्याला झोप समजतो हे लक्षात ठेवा.

दोन आठवड्यांनी चित्र दिसतं. बहुतेक घरांत झोपेचे तुकडे दिवसरात्र विखुरलेले दिसतील, किंवा रात्री उशिरा झोप आणि सकाळी उशिरा उठणं दिसेल. या दोन्हींना सकाळचा उजेड. पण काहींचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं, संध्याकाळी सात वाजताच झोपतात आणि पहाटे तीनला टक्क जागे. अशा माणसाला पहाटे-पहाटे तेज उजेड दिलात तर घड्याळ अजून पुढे सरकेल, तो उद्या अडीचला उठेल. त्यांना उजेड दुपार उलटल्यावर, संध्याकाळच्या बाजूला. वेळ चुकली की दिवा कितीही भारी असू दे, उलटं काम करतो. ही चूक फार जण करतात, कारण दिव्याच्या खोक्यावर सरसकट सकाळी वापरा असं लिहिलेलं असतं.

५. आधी खिडकी, मग दिवा

बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार लक्स उजेड असतो, कडक उन्हात १ लाखाच्या घरात जातो. घरात संध्याकाळी ट्यूब लावून बसतो तिथे शंभर-दीडशे लक्स मिळाले तरी खूप. म्हणून अर्धा-पाऊण तास बाहेर बसवता येत असेल, फिरवता येत असेल, तर तो सगळ्यात चांगला दिवा, वरून चालणं होतं, माणसं दिसतात.

बाहेर नेणं शक्य नसेल तर खुर्ची खिडकीजवळ हलवा. जवळ म्हणजे अगदी जवळ, हातभर अंतरावर, कारण खिडकीपासून दोन-तीन पावलं मागे गेलं की उजेड धाडकन उतरतो, आपल्या डोळ्यांना मात्र ते कळत नाही. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा नेमका नसतो, पण खोलीतल्या दोन जागांची तुलना करायला पुरतो. फोन टेबलावर आडवा ठेवून मोजू नका, पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यांचं तोंड जिकडे असतं तिकडे स्क्रीन करून उभा धरा. मी पहिल्यांदा असं मोजलं तेव्हा बाबांच्या नेहमीच्या खुर्चीत भर सकाळी ६० आला होता. खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती, टीव्ही तिकडे म्हणून. टीव्ही हलवला.

खिडकीच्या काचेतून व्हिटॅमिन डी मिळत नाही बरं का, लाइट बॉक्सनेही (या थेरपीसाठी मिळणाऱ्या तेज दिव्याने) नाही. तो वेगळा विषय आहे, दोन्ही एकत्र करू नका.

६. लाइट बॉक्स घेताना

खिडकीने भागत नसेल, किंवा हिवाळ्यात उजेडच नसेल, तर दिवा. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे किती अंतरावर ते वाचा. छोट्या दिव्यांना तो आकडा चेहऱ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर मिळतो, आणि अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ पाव होतो. डिमेन्शियाचा माणूस दिव्याला नाक लावून अर्धा तास बसणार आहे का? नाही. म्हणून मोठ्या पॅनलचा घ्या, ज्याचा उजेड लांबूनही पोचतो.

पांढरा उजेड, अल्ट्राव्हायोलेट गाळलेला, लुकलुक नसलेला. झाडांसाठीचे दिवे, त्वचेसाठीचे दिवे, शेकायचे लाल दिवे, यातलं काहीही चालत नाही. फक्त निळा उजेड देणारे दिवेही मी टाळले, डोळ्यांना खुपतात. आणखी एक गोंधळ हल्ली फार ऐकते, सेकंदाला ४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याचा. ते संशोधन वेगळं आहे, २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून पुढे आलं, माणसांवर चाचण्या चालू आहेत, त्याचा घड्याळ जागेवर आणण्याशी संबंध नाही. फिट येणाऱ्या माणसासमोर लुकलुकता दिवा तर अजिबात नको.

७. रोज कसं करायचं

१०,००० लक्सला साधारण अर्धा तास, २,५०० ला दीड-दोन तास असा हिशोब धरतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वाढवत न्या. दिवा समोर नको, थोडा बाजूला, डोळ्यांच्या पातळीच्या किंचित वर, डोळे उघडे पण दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. रोज एकाच वेळी.

सगळ्यात अवघड हे नाही, सगळ्यात अवघड त्यांना बसवणं. "बाबा, तुमची थेरपी आहे, बसा" म्हटलं की बाबा उठणारच. आम्ही दिवा नाश्त्याच्या टेबलावर ठेवला आणि त्याबद्दल बोलणंच बंद केलं. खाणं, चहा, मग पेपर उलटायचा, मग मी मुद्दाम कपड्यांच्या घड्या त्यांच्याकडे द्यायची, त्यात चाळीस मिनिटं निघतात. उठून गेले तर जाऊ द्यायचं, ओढून आणायचं नाही, थोड्या वेळाने परत काहीतरी निमित्त. एखाद्या दिवशी वीसच मिनिटं झाली तर झाली.

जे अजिबात बसत नाहीत, सारखे फिरतात, त्यांच्यासाठी खोलीच तेज करा. छताला जास्त दिवे, पांढरी भिंत, झाकण असलेले फिटिंग म्हणजे बल्ब थेट डोळ्यात जात नाही. त्या २००८ च्या अभ्यासात हेच होतं, कोणाला दिव्यासमोर बसवलंच नव्हतं. एकदा इलेक्ट्रिशियन बोलवायला लागतो पण नंतर रोजची झटापट नाही. आता परत सुरुवात करायची झाली तर मी आधी हेच करीन.

दिवसाची डुलकी दुपारी तीनच्या आत, अर्ध्या तासाच्या वर नको. हे पाळणं दिव्यापेक्षा कठीण आहे, कारण ते झोपलेले असतात तेव्हाच आपल्याला जरा श्वास घ्यायला मिळतो. मला माहितीये.

८. संध्याकाळ आणि रात्र

दिवस मावळताना अस्वस्थ होणं, घरी जायचंय म्हणणं, चिडणं, याला सनडाउनिंग म्हणतात. इथे एक घोळ होतो. रात्री उजेड वाईट असं ऐकून लोक पाच वाजताच घर अंधारं करतात, आणि मग अर्धवट उजेडात कोपऱ्यातली सावली माणूस वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतं. डिमेन्शियाच्या ल्युई बॉडी नावाच्या प्रकारात तर आधीच भास होत असतात. म्हणून बाहेर अंधारायच्या आधीच घरातले दिवे लावा, पडदे ओढा म्हणजे काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून दचकायला होत नाही, आणि जेवणापर्यंत सगळीकडे सारखा उजेड ठेवा. मग झोपायच्या दोन-तीन तास आधीपासून हळूहळू उतरवा, पिवळसर दिवे, टीव्हीचा ब्राइटनेस कमी.

उजेडाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये निरोगी मोठ्या माणसांसाठी जे आकडे एकत्र बसून ठरवले ते असे: दिवसा डोळ्यापाशी किमान २५० लक्स, झोपेआधीच्या तीन तासांत १० च्या आत, झोपेत १ च्या आत. हे लक्स नेहमीचे नाहीत, त्या मेलानॉप्सिनवाल्या पेशींच्या हिशोबाने मोजलेले, त्यामुळे अ‍ॅपवर हुबेहूब जुळणार नाहीत. पण दिवस आणि रात्र यांच्यात फरक केवढा मोठा हवा ते यातून कळतं.

रात्री मात्र पडणं हा झोपेपेक्षा मोठा धोका, त्यामुळे मिट्ट काळोखही नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत, लालसर किंवा केशरी, मंद, हालचालीने लागणारे दिवे. कोणी उठलं की आपण घाईत ट्यूब लावतो तेवढी सवय मोडा. आमच्याकडे ट्यूबच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली, बाबांसाठी नाही, माझ्या भावासाठी.

मेलाटोनिनचं, म्हणजे अंधार पडल्यावर शरीरात तयार होणाऱ्या झोपेच्या हार्मोनच्या गोळीचं, बरेच जण विचारतात. त्याच डच अभ्यासात नुसतं मेलाटोनिन घेणाऱ्यांना झोप लवकर लागली पण मूड बिघडला, उजेडाबरोबर दिल्यावर तसं झालं नाही. मनाने आणून देऊ नका.

९. त्रास झाला तर, आणि फरक कधी कळतो

डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, मळमळ, चिडचिड असं सुरुवातीला होऊ शकतं. आधी अंतर वाढवा, वेळ कमी करा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर बंद. नजरेत काही बदल वाटला, किंवा माणूस फार बडबडा, उत्तेजित, झोपच नको असा झाला, तर लगेच बंद आणि डॉक्टरांना फोन. बोलता न येणाऱ्या माणसाचा त्रास चेहऱ्यावर बघावा लागतो: डोळे बारीक करणं, तोंड फिरवणं, हाताने दिवा ढकलणं.

चार आठवडे तरी द्या आणि मग वही उघडा, आठवणीवर विश्वास ठेवू नका, कारण एक वाईट रात्र आधीच्या दहा चांगल्या रात्री विसरायला लावते. आमच्या वहीत पहिल्या दोन आठवड्यांत काहीच नव्हतं. पाचव्या आठवड्यात रात्रीच्या फेऱ्या तीन-चारवरून एक-दोनवर आल्या. पूर्ण रात्र सलग अजूनही क्वचितच. महिना-दीड महिना नेमाने करून वहीत काहीच बदल नसेल तर वेळ बदलून एकदा बघा, तरीही नसेल तर सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांना लागू पडत नाही. आणि लागू पडलं तर मध्येच थांबवू नका, बंद केलं की घड्याळ परत भरकटतं.

१०. तुम्ही घरी नसाल त्या दिवसासाठी कागद

माणूस बदलला की पहिल्यांदा हेच मोडतं. आम्ही बाबांच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलंय:

सकाळी उठल्याबरोबर पडदे पूर्ण उघडायचे, झोपलेले असले तरी ८ ला.
९ ते ९:४० टेबलावरचा दिवा. डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. दिव्याबद्दल काही बोलायचं नाही.
दुपारची झोप ३ च्या आत, खुर्चीत, अर्धा तास.
अंधार पडायच्या आधी सगळे दिवे, मग पडदे.
८ नंतर फक्त पिवळा दिवा.
रात्री ते ट्यूब लाव म्हणाले तर हो म्हणायचं, आणि लावायची नाही.